तयार उमेदवाराचा दाखला

मुलांनो, माणसाच्या आयुष्यात तयारीला फार महत्त्व आहे. कशाची तयारी, हा प्रश्न नंतरचा. आणि तयारी मनापासून केली असेल तर तो पडतही नाही.

आता जरा कल्पना करा. डोळे मिटले तर पुढचं वाचता येणार नाही, तेव्हा ते उघडेच ठेवा. एक कॉलेज आहे. त्याच्या दुसऱ्या मजल्यावर एक लांबलचक व्हरांडा आहे आणि तिथे भिंतीला टेकून खुर्च्यांची रांग मांडलेली आहे. खुर्च्यांवर शेवटच्या वर्षाची मुलंमुली बसली आहेत. सगळ्यांच्या मांडीवर एकाच रंगाची फाइल, सगळ्यांच्या अंगात कुणाचा तरी कोट. आणि सगळी मुलं समोरच्या भिंतीकडे बघून हसताहेत. भिंतीवर काहीही नाही. मुलं चार सेकंद हसतात, थांबतात, पुन्हा चार सेकंद हसतात.

घाबरू नका. मुलांची तब्येत उत्तम आहे. त्यांची नोकरीची तयारी चालली आहे.

या तयारीचं सगळं श्रेय कॉलेजच्या प्लेसमेंट सेलला जातं. सेल म्हणजे मुलांना नोकऱ्या मिळवून देणारी खोली. पूर्वी तिथे एक टेबल, एक कपाट आणि कोणत्या कंपन्या येणार हे लिहायचा एक फळा होता. आता टेबलं अकरा आहेत आणि कपाटं सात. फळा तेवढाच आहे.

सेलचे प्रमुख समन्वयक सर. अतिशय कळकळीचा माणूस. त्यांनी स्वतः आयुष्यात एकदाच मुलाखत दिली होती, तीही फोनवर, आणि फोन मध्येच कटला. तेव्हापासून या विषयाचा त्यांचा सखोल अभ्यास सुरू आहे. त्यांच्याच काळात सेलचा निकाल शंभर टक्क्यांवर गेला. हे कसं घडलं ते नीट समजून घ्या, म्हणजे मोठेपणी तुम्हालाही उपयोगी पडेल. गेल्या वर्षी एकशे चौदा मुलं नोकरीसाठी बसली. त्यातल्या सत्त्याहत्तर जणांना कंपन्यांनी घेतलं. उरली सदतीस. त्यांना सेलने स्वतःच ठेवून घेतलं, 'सराव मुलाखतकार' म्हणून. सत्त्याहत्तर आणि सदतीस, एकशे चौदा. बेरीज करून बघा. एकही मूल शिल्लक राहत नाही.

ज्यांना कुणी निवडलं नाही त्यांनीच इतरांना निवडून येण्याचं शिक्षण द्यायचं, हे बाहेरच्या माणसाला जरा चमत्कारिक वाटेल. पण विचार करा. ज्याला पहिल्या झटक्यात नोकरी लागली, त्याचा अनुभव एका मुलाखतीचा. या सदतीस जणांनी सरासरी नऊ-नऊ मुलाखती दिलेल्या. मग जाणकार कोण?

या सदतिसांत एक मुलगी होती, तिची पाठची बहीण म्हणजे आपल्या गोष्टीतली मुलगी. घरात तिघी बहिणी. त्यात ही मधली, म्हणून घरीदारी सगळे तिला मधलीच म्हणत. मधलीला लहानपणापासून वस्तू उघडायची सवय. घड्याळ, इस्त्री, आईचं शिलाई मशीन, जे हाती लागेल ते ती उघडायची. (बंद केल्याचा आरोप तिच्यावर कुणी केलेला नाही.)

यंदा फळ्यावर वीस कंपन्यांची नावं होती. त्यातल्या एकोणीस कंपन्या काय करतात हे त्यांच्या माहितीपत्रकावरून कळत नसे. त्या 'उपाय' पुरवत असत. कशावर, ते पत्रकात दिलेलं नव्हतं. विसावी कंपनी मात्र पाण्याचे पंप बनवायची. मधलीला जायचं होतं ते तिथेच. पंपवाल्यांकडे जागा एकच होती आणि ते सगळ्यांत शेवटी येणार होते.

अडचण एवढीच होती की, कुठल्याही कंपनीपुढे जायचं तर आधी सेलचा 'तयार उमेदवाराचा दाखला' लागायचा, आणि दाखल्याला शंभरपैकी सत्तर गुण. मधली दरवेळी खालीच राहायची; शेवटच्या सरावात तर मिळाले होते एक्केचाळीस. त्यामुळे एकोणीस कंपन्या आल्या, चहा पिऊन गेल्या, आणि तिला व्हरांड्यातूनच त्यांच्या पाठी बघायला मिळाल्या. विसावीही अशीच गेली, तर सेलमध्ये अडतिसावी खुर्ची आणून ठेवलेली होतीच. तिच्यावरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं.

सेलचं गुणपत्रक फार विचारपूर्वक बनवलेलं होतं. ते असं: खोलीत शिरणे, दहा गुण. हस्तांदोलन, दहा. हास्य, वीस. स्वतःतील दोष सांगणे, पंधरा. पाच वर्षांनंतर आपण कुठे असू, पंधरा. अनपेक्षित प्रश्नास सामोरे जाणे, वीस. खोलीतून बाहेर पडणे, दहा. एकूण शंभर. (विषयाचे ज्ञान हा रकाना जागेअभावी वगळण्यात आला आहे.)

हास्याला वीस गुण का, असं तुम्ही विचाराल. सेलने त्याचा अभ्यास केला होता. तीन सेकंद हसलं तर उमेदवार उथळ वाटतो. पाच सेकंद हसलं तर समोरचा खुर्ची मागे सरकवतो. चार सेकंद योग्य. म्हणून तो व्हरांडा आणि ती भिंत.

दोषांचं काम त्याहून शिस्तीचं. कंपनीवाले हमखास विचारतात, "तुमच्यात काय दोष आहे?" पूर्वी मुलं खरं सांगून मोकळी व्हायची. एकाने सांगितलं, "मला सकाळी उठवत नाही." दुसरा म्हणाला, "माझं अक्षर मलाच लागत नाही." केवढं नुकसान! तेव्हा सेलने चार दोष मंजूर केले: कामात स्वतःला विसरून जाणे, प्रत्येक गोष्ट अचूकच झाली पाहिजे असा हट्ट, इतरांना मदत करताना स्वतःकडे दुर्लक्ष, आणि सुट्टी घ्यायला विसरणे. हे दोष रजिस्टरमध्ये सही करून घ्यायचे आणि मुलाखत झाली की परत करायचे. मधली रांगेत मागे राहिली, तोवर पहिले तीन संपले होते.

"सुट्टी घ्यायला विसरणे शिल्लक आहे," खिडकीतला सराव मुलाखतकार म्हणाला. "चालेल?"

"पण मी विसरत नाही हो."

"आता विसराल. इथे सही करा."

इतकं सगळं करूनही मधली एक्केचाळिसांवर अडली, आणि तिला अडवलं ते तिच्या सख्ख्या बहिणीने. सराव मुलाखतीच्या टेबलामागे त्या दिवशी थोरली बसली होती. तिने बहिणीला "बसा" म्हटलं, "आपण" म्हटलं आणि "उमेदवार क्रमांक बासष्ट" अशी हाक मारली. तोवर मधलीचे एकसष्ट गुण झाले होते. मग थोरलीने अनपेक्षित प्रश्न विचारला, "आपण फर्निचर असतात, तर कोणतं असतात?"

"माहीत नाही," मधली म्हणाली.

थोरलीने दुसरी संधी दिली. "बरं. पंपाची मोटर फिरते आहे, पण पाणी येत नाही. कारण सांगा."

"माहीत नाही. उघडून बघावं लागेल."

'माहीत नाही' या शब्दांना सेलमध्ये दरवेळी पंधरा गुण वजा होत. दोनदा पंधरा, तीस. खोलीतून बाहेर पडण्याचे दहा मिळून एकाहत्तर, त्यातून तीस गेले, राहिले एक्केचाळीस. हिशेबात कुणी खोट काढू शकत नव्हतं.

त्या संध्याकाळी घरी जेवणाआधी जे झालं ते असं. आई मशीनवर बसून कोटाला नवी शिवण घालत होती. कोट एकच होता. तो थोरलीच्या मापाचा होता, यंदा मधलीच्या मापाचा व्हायचा होता आणि शिवणीत धाकटीसाठी आधीच दोन बोटं कापड दुमडून ठेवलेलं होतं.

"ताई, तू मला एक्केचाळीस दिलेस?" मधली दारातूनच म्हणाली.

"मी नाही दिले. गुणपत्रकाने दिले."

"पेन कुणाच्या हातात होतं?"

"सेलमधलं घरी बोलायचं नाही. नियम आहे तसा."

आईने मशीन थांबवलं. "या घरात नियम कोण करतं गं?"

आईने सुई दातांत धरून विचारलं, "काय विचारलंस तू तिला?"

थोरलीने पंपाचा प्रश्न सांगितला आणि मधलीचं उत्तरही सांगितलं.

"मग बरोबरच आहे की," आई म्हणाली. "उघडल्याशिवाय कसं कळणार?"

"आई, तू मध्ये पडू नकोस. तिथे पंप नसतोच."

"नसतो? मग विचारता कशाला?"

"तयारी म्हणून!"

आईने थोडा वेळ थोरलीकडे बघितलं, मग पुन्हा मशीन सुरू केलं. ती कपडे शिवायची. अंगावर चढवून बघता येत नाही अशा कपड्याची तिला सवय नव्हती.

मधली थोरलीशेजारी येऊन बसली. "बरं, मग काय म्हणायचं ते तरी सांग."

"म्हणायचं, 'फार चांगला प्रश्न आहे.' मग हसायचं. चार सेकंद. मग म्हणायचं, 'अशा वेळी मी सगळ्या सहकाऱ्यांना सोबत घेऊन...'"

"सोबत घेऊन काय?"

"त्याच्या पुढे जायचंच नाही. तेवढ्यात घंटा होते."

"आणि नाही झाली तर?"

"होते गं. सात मिनिटांनी होते म्हणजे होते. मीच वाजवते."

मधली हसली, पण थोरली हसली नाही. तिने आईची मापाची पट्टी बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. "हे बघ मधले," ती हळूच म्हणाली, "ती अडतिसावी खुर्ची माझ्या शेजारी ठेवलीय. तिथे बसलं ना, की सगळी उत्तरं येतात. अगदी सगळी. फक्त मग कुणी विचारत नाही. तू तिथे येऊ नकोस. मी सांगते तेवढं पाठ कर आणि जा."

मग मधलीने पाठ केलं. तिने ठरवलं की मनात आलेलं तोंडात येऊ द्यायचं नाही, आणि हे वाटतं तितकं अवघड नसतं. रोज दोन तास बसलं तर कुणालाही जमतं. चौथ्या दिवशी धाकटीने तिला विचारलं, "माझी वही कुठे आहे?" तर मधली म्हणाली, "फार चांगला प्रश्न आहे," आणि चार सेकंद हसली. धाकटी रडत आईकडे गेली. थोरलीने ओळखलं, तयारी झाली.

बुधवारी मधलीला बहात्तर गुण मिळाले आणि दाखलाही मिळाला. त्यावर लिहिलं होतं: 'दाखला देण्यात येतो की, सदर उमेदवार तयार आहे.' खाली समन्वयक सरांची सही होती.

गुरुवारी पंपाच्या कंपनीची माणसं आली. दोघंच होती. एक इंजिनियर बाई, आणि त्यांच्याबरोबर पांढऱ्या मिशांचे एक मिस्त्री. मिस्त्रींच्या हातात जड पिशवी होती. ती त्यांनी टेबलावर ठेवली तेव्हा टेबल हललं.

समन्वयक सरांनी स्वागत करून विचारलं, "आपला प्रश्नसंच?"

"तो कशाला?" बाई म्हणाल्या. "मुलांशी बोलू या की."

सरांच्या कपाळावर आठी आली. एवढी मोठी कंपनी आणि काहीच तयारी न करता यावं! पण माणूस मनाचा मोठा. त्यांनी सेलचा मंजूर प्रश्नसंच बाईंच्या हातात ठेवला, दोष विचारताना पुढे वाकायचं ते करून दाखवलं आणि मिस्त्रींना हस्तांदोलन शिकवून ते गेले. (मिस्त्रींच्या हाताला तेल होतं. सर दिवसभर हात धूत होते.) खोलीच्या कोपऱ्यात सेलचा एक निरीक्षक गुणपत्रक आणि घंटा घेऊन बसला. कारण खरी मुलाखत झाली, तरी शिस्त सोडून चालत नाही. मुलाखत चालू असतानाही चूक होऊन उमेदवाराचे दाखल्याचे गुण सत्तरच्या खाली गेले, तर दाखला तिथल्या तिथे रद्द होत असे.

मुलाखती सुरू झाल्या. उमेदवार बासष्ट होते. (त्यातल्या एकसष्ट जणांना आधीच्या एकोणीस कंपन्यांनी घेतलेलं होतं, पण शेवटच्या कंपनीपर्यंत बसायचं असा सेलचा नियम होता.) पहिला आत आला, हसला, आणि पाच वर्षांनंतर आपण याच कंपनीत मोठ्या जबाबदारीच्या जागी असू असं म्हणाला. दुसराही तेच म्हणाला. दुपारपर्यंत बत्तीस जण एकाच मोठ्या जबाबदारीच्या जागी जाऊन बसले होते. सुट्टी घ्यायला विसरणारे तेरा निघाले, तेव्हा बाईंनी कौतुकाने वहीत टिपून घेतलं की या कॉलेजात सुट्टीची घंटा आधी दुरुस्त करायला हवी.

अकराव्या उमेदवाराच्या वेळी मिस्त्रींना राहवलं नाही. त्यांनी पिशवीतून एक पंप काढून टेबलावर ठेवला आणि त्याची वायर भिंतीत खोचली. पंपातून खर्रर्र असा आवाज येऊ लागला.

"हा असा का वाजतोय, सांगता का?" त्यांनी विचारलं.

"फार चांगला प्रश्न आहे," अकरावा म्हणाला आणि हसला.

बाराव्यालाही प्रश्न फार चांगला वाटला. संध्याकाळचे पाच वाजेपर्यंत एक्कावन्न जणांनी मिस्त्रींच्या प्रश्नाची तारीफ केली होती. मिस्त्री नोकरीला लागल्यापासून त्यांचं एवढं कौतुक कधी झालं नव्हतं. त्यांचा चेहरा मात्र पडत चालला होता.

शेवटी बासष्टावी मधली आत आली. कोपऱ्यातला निरीक्षक पाळीप्रमाणे बदलला होता आणि तिथे आता थोरली बसली होती. तिने बहिणीकडे बघितलं नाही. मधलीने दार हलकेच लावलं, दहा गुण शाबूत. हस्तांदोलन केलं, मिस्त्रींच्या तेलकट हाताशीसुद्धा, तेही दहा शाबूत. हसली. सुट्टी घ्यायला विसरते म्हणाली. ("चौदा," बाई पुटपुटल्या.) पाच वर्षांनंतरच्या जागेवर जाऊन आली. सगळं अगदी बिनचूक. थोरलीचं पेन कागदावर भराभर चाललं होतं.

मिस्त्रींनी पंपाचं बटण दाबलं. खर्रर्र.

"हा का वाजतोय?" त्यांनी विचारलं, पण उत्तराकडे त्यांचं लक्षच नव्हतं. ते खिडकीबाहेर बघत होते.

"फार चांगला प्रश्न आहे," मधली म्हणाली. मग ती हसू लागली. एक. दोन. पंप वाजत होता. आवाज सारखा नव्हता. मध्येच अडखळत होता, जणू आत काहीतरी दर फेरीला कशावर तरी आपटत होतं. तीन. मधलीची मान आपोआप पंपाकडे वळली. चार. पाच. तिचं हसू संपलं होतं, की राहून गेलं होतं, ते तिचं तिलाच कळलं नाही.

"अशा वेळी मी..." तिने सुरुवात केली आणि ती थांबली. तिने कोपऱ्याकडे बघितलं. थोरलीचं पेन थांबलं होतं. थोरलीने अगदी थोडीशी मान हलवली: नको.

मधलीने एक मोठा श्वास घेतला.

"माहीत नाही," ती म्हणाली. "उघडून बघू का?"

मिस्त्रींनी खिडकीवरून नजर काढली. कोपऱ्यात थोरलीने नियमाप्रमाणे कागदावर वजा पंधरा लिहिले. दाखल्याच्या बहात्तरातून पंधरा गेले, राहिले सत्तावन्न. दाखला रद्द झाला. बहीण असली म्हणून काय, लिहिलं ते लिहिलंच.

मिस्त्रींनी पंप बंद केला, भिंतीतली वायर काढली आणि पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढून मधलीच्या हातात दिला.

तिने कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला. चार स्क्रू काढले, झाकण काढलं, आतला पंखा बोटाने फिरवून बघितला. पंखा नीट फिरत होता. तिने कान लावला, पुन्हा फिरवला. "इथे काही नाही," ती स्वतःशीच म्हणाली. "मग मागे असणार." ती मागचे स्क्रू सोडवायला लागली. सातवं मिनिट झालं. थोरलीने घंटेवर हात ठेवला, आणि तो तिथेच ठेवून दिला. तळहाताखाली दाबलेली घंटा वाजत नाही. घंटा वाजवावी असा नियम होता. हात काढावा असा नव्हता.

अकरा मिनिटं झाली. मधलीने कपाळ पुसलं, तर कपाळाला तेल लागलं.

"नाही सापडत," ती म्हणाली. "मागेही नाही. चुकलंच माझं काहीतरी. ही दांडी बाहेर काढून बघायला हवी, पण त्याला वेळ लागेल. आवाज कशाचा आहे, काका? तुम्ही तरी सांगा आता."

"मला काय ठाऊक!" मिस्त्री म्हणाले. "चार दिवस झाले, मलाही सापडत नाहीये. म्हणून तर सकाळपासून विचारतोय एकेकाला."

बाई पहिल्यांदाच मोकळ्या हसल्या. त्या मोजून हसल्या नाहीत, त्यामुळे ते किती सेकंद चाललं याची नोंद नाही. "पोरी, सोमवारी ये," त्या म्हणाल्या. "येताना जुने कपडे घालून ये. हा पंप तसाच ठेवते तुझ्यासाठी."

पण मुलांनो, नोकरी एवढ्या सहजासहजी लागत नसते. समन्वयक सरांनी बाईंना नम्रपणे लक्षात आणून दिलं की, सदर मुलीचा दाखला मुलाखतीच्या सहाव्या मिनिटाला रद्द झाला असल्याने त्यानंतर ती उमेदवार नव्हती. त्या वेळी खोलीत जी होती, ती एक अनधिकृत व्यक्ती होती, आणि तिने पंप उघडला याबद्दल सेलला खेद वाटतो. कंपनीने उरलेल्या एकसष्ट तयार उमेदवारांतून हवा तो घ्यावा.

"मला तीच हवी," बाई म्हणाल्या. "नाहीतर कुणीच नको."

दाराबाहेर मधली तेलकट हात पाठीमागे लपवून उभी होती. शेजारी थोरली होती. तिने बहिणीचा कोट पोटाशी घट्ट धरला होता.

सर विचारात पडले. कुणीच नको, म्हणजे यंदा मधली शिल्लक. शंभर टक्क्यांसाठी तिला सेलमध्ये घ्यावी लागणार. खोलीत जागा होती ती एका खुर्चीची, तीही सदतीस जणांनी पोट आत घेतल्यावर, आणि या उघडणाऱ्या मुलीच्या हाताच्या अंतरावर सेलची सात बंद कपाटं. सर मोठ्या मनाचे होतेच. आता ते दूरदृष्टीचेही झाले. त्यांनी तिथल्या तिथे परिपत्रक काढलं:

'कळविण्यात येते की, "माहीत नाही. उघडून बघू का?" हे वाक्य मंजूर उत्तर क्रमांक त्रेचाळीस म्हणून आज सकाळपासून पूर्वलक्षी प्रभावाने समाविष्ट करण्यात येत आहे. सदर उत्तरास वीसपैकी वीस गुण राहतील.'

अशा रीतीने मधली सकाळपासूनच तयार होती, हे संध्याकाळी सिद्ध झालं. थोरलीने वजा पंधरा खोडले. एवढ्या जोरात खोडले की कागद फाटला.

सोमवारी मधली जुने कपडे घालून कामावर गेली. आवाजाचं कारण बुधवारी सापडलं. ते इतकं क्षुल्लक होतं की मिस्त्रींनी कुणाला सांगायचं नाही असं वचन घेतलं, म्हणून इथेही सांगता येत नाही.

सेलने मात्र या यशाचा सविस्तर अभ्यास केला. उत्तर क्रमांक त्रेचाळीस कसं म्हणायचं याचे वर्ग सुरू झाले. 'माहीत नाही' म्हणताना नजर खाली. मग अर्धा सेकंद थांबायचं. 'उघडून बघू का?' म्हणताना भुवया वर, उजवा हात किंचित पुढे. एक मोठा श्वास आधी घ्यायचा. तो ऐकू आला पाहिजे. व्हरांड्यात आता मुलं भिंतीकडे बघून श्वास घेऊ लागली. पुढच्या वर्षी एकशे अठरा मुलं तयार झाली आणि ती या उत्तरात इतकी पक्की होती की, एका विमा कंपनीने मुलाला त्याच्या वडिलांचं नाव विचारलं, तेव्हाही त्याने ते उघडून बघायची तयारी दाखवली.

आता हसू नका. तुम्ही हे वाचत असताना काय केलंत ते मला ठाऊक आहे. मधलीला नोकरी लागली, त्या ओळीपाशी तुम्ही थांबलात, मागे गेलात आणि तिचं ते वाक्य मनातल्या मनात दोनदा म्हणून ठेवलंत. कधीतरी कामाला येईल म्हणून. काहींनी खाली पेन्सिलने रेघही ओढली असेल. म्हणून दाखवा बरं? बघा, अगदी बिनचूक. श्वाससुद्धा.

तर, त्या वर्षी पंपाच्या कंपनीतून मुलाखती घ्यायला बाई आल्या नाहीत. त्यांनी मधलीला पाठवलं. तिने पिशवीतून पंप काढला, टेबलावर ठेवला, सुरू केला. पहिला उमेदवार आत आला. अगदी तुमच्यासारखाच हुशार होता. तिने विचारलं, हा का वाजतोय. त्याने नजर खाली केली, मोठा श्वास घेतला, भुवया वर नेल्या आणि म्हणाला, "माहीत नाही. उघडून बघू का?"

मधलीने पंप बंद केला. वायर काढली. स्वतःच स्क्रूड्रायव्हर घेऊन सावकाश चारही स्क्रू सोडवले, झाकण बाजूला ठेवलं आणि उघडा पंप त्याच्याकडे वळवला.

"हं, उघडला," ती म्हणाली. "आता बघ."